अर्धदाढ्याचा नारळ

वेसखार गावाच्या दक्षिणेला खाडीवर एक काळा कडा पुढे आलेला आहे. कड्याच्या अगदी टोकाशी माणसाच्या उंचीचा एक दगडी पुरुष उभा आहे. अंगावर चुण्याचुण्यांचं वस्त्र, पायांत वहाणा, उजवा हात कोपरापासून तुटलेला. डोकं नाही. मानेच्या जागी उखळीसारखा गोल खळगा आहे आणि त्यात बाराही महिने थोडं पाणी असतं. या बिनडोक्याच्या दगडाला अख्खा गाव 'अर्धदाढ्या' म्हणतो.

डोकंच नाही तर दाढी कुठली, हा प्रश्न येणारा प्रत्येक जण विचारतो. आम्हीही विचारला. कॉलेजच्या इतिहास मंडळाच्या आम्ही पाचजणी गेलो होतो. ग्रामपंचायतीचा निकाल आदल्या दिवशी लागला होता आणि दुपारच्या ओहोटीला दगडावर नारळ बसायचा होता, तो पाहायला. सोबत जनूतात्या चोगले होते. या खाडीवर त्यांनी एक्केचाळीस वर्षं तरीची होडी चालवली. आता पूल झाला, म्हणून आल्यागेल्याला कडा दाखवतात. मी सहज खळग्यात बोट घातलं, तर आतली बेडकी टुणकन मनगटावर आली आणि मी किंचाळून सरकले ती नेमकी मूर्तीच्या पुढच्या बाजूला. तात्यांनी माझ्या पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

"पोरी, तिथे एकाच माणसापुरती जागा आहे," ते म्हणाले, "आणि ती जावयाची. तू इकडे बाजूला बस. सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. यातलं खरं किती ते मला ठाऊक नाही. तात्या दर चार वाक्यांनी 'म्हणे' म्हणत होते, तेव्हा मीही म्हणते.

फार पूर्वी वेसखार मोठं बंदर होतं. पाऊस सरला की रोमच्या राज्यातली गलबतं इथे लागत आणि मिरी, कापड, हस्तिदंत घेऊन पौषात परत फिरत. त्या लोकांना तेव्हा आपल्याकडे यवन म्हणत. त्यांतले तीसेक जण वखार सांभाळायला इथेच राहत. त्यांची एक रीत होती. जिथे वस्ती, तिथे आपल्या राजाची मूर्ती हवी, आणि वर्षातून एकदा तिच्यापुढे अग्नी पेटवून सगळ्यांनी इमानाची शपथ घ्यायला हवी. मूर्तीच्या खांद्यावर ज्याचं डोकं, त्याची शपथ. जो घेणार नाही तो द्रोही, आणि द्रोह्याला तिथल्या तिथे मारायचं.

आता गंमत अशी, की राजाला त्यांच्यातल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं. राजाचं तोंड त्यांना माहीत असायचं ते नाण्यावरून. नाण्यावर तोंड असतं एका बाजूनं. एक डोळा, एक कान, एक गाल. दुसरा गाल कसा आहे, हे वेसखारात कुणालाच माहीत नव्हतं.

मूर्ती घडवली सामळ पाथरवटानं. सामळ जाती, पाटे, उखळी करणारा माणूस, मूर्ती त्यानं आयुष्यात केली नव्हती. सबंध पुरुष निघेल एवढा लांब दगड मिळेना, म्हणून धड वेगळं आणि डोकं वेगळं केलं. आणि जोडायची वेळ आली तेव्हा त्याला जी एक जोडणी येत होती तीच त्यानं केली. जात्याच्या तळीत मेख असते आणि तिच्यावर वरचा दगड बसतो, तसं त्यानं मानेत खळगा कोरून लाकडी मेख ठोकली आणि राजाचं डोकं वर बसवलं. बसलं छान. फक्त, जात्यासारखंच ते फिरतही होतं. सामळनं खाली बांबूची पाचर मारली आणि कुणाला काही बोलला नाही.

काही वर्षं ठीक गेली. मग रोममध्ये काहीतरी बिनसलं. एका वर्षी गलबतं नवीन नाणं घेऊन आली. जुना राजा मेला, त्याचा सेनापती राजा झाला, डोकं बदला. सामळनं बदललं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तर आधीच्या गलबतानं आणलेल्या नाण्यावरचं डोकं घडवून होतं न होतं तोच मागच्या गलबतातून दुसऱ्याच राजाचं नाणं उतरलं. काढलेल्या डोक्यांचं करायचं काय, हा एक प्रश्नच होता. सामळच्या बायकोनं म्हणे दोन पायरीला लावली आणि एक लोणच्याच्या रांजणावर दाबण म्हणून ठेवलं.

आणि मग ते वर्ष आलं. एकाच भरतीला दोन गलबतं खाडीत शिरली. एकावर दाढीवाल्या राजाचं नाणं, दुसऱ्यावर सफाचट राजाचं. दोघंही जिवंत, दोघांपाशी फौज, आणि दोघांचंही म्हणणं एकच, की राजा मी, तो दुसरा चोर.

वस्ती दुभंगली. दाढीवाल्याच्या बाजूचा पुढारी होता मारकू. सफाचटाच्या बाजूला कोण होता त्याचं नाव राहिलेलं नाही. "हरला म्हणून नव्हे," तात्या म्हणाले, "म्हणायला कठीण होतं म्हणून." आधी दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं, मग एका विहिरीचं पाणी टाकलं. मग तलवारी काढल्या. त्यांना धार लावायला मात्र दोन्ही बाजूंची माणसं सामळच्याच अंगणात येत, कारण धारेचा दगड गावात एकच. सकाळी हे येत, दुपारी ते. त्यामुळे शपथेच्या दिवशी काय होणार हे सामळला सगळ्यांच्या आधी कळलं. डोकं एकाचं बसलं की दुसऱ्या बाजूचे पंधरा द्रोही ठरणार आणि कड्यावरच कापले जाणार. तेही उगीच मान देणार नाहीत, म्हणजे कोण किती उरेल ते सांगता येत नव्हतं.

सामळला एकच मुलगी, विन्हा. ती यवनांच्या सुताराला दिलेली होती. त्याचं नाव थेवदा. गलबतांच्या फळ्या बदलणारा, शांत माणूस, सासरची बोली सासरच्यांसारखी बोलणारा. दोन्हीकडची गलबतं त्याच्याच हातून दुरुस्त व्हायची, म्हणून दोन्ही बाजूंचं त्याच्या बाबतीत मात्र एकमत झालं. शपथेचा अग्नी पेटवायचा तो थेवदानं. अग्नीची जागा मूर्तीच्या समोर, आणि समोर माणूस मावतो एकच. मूर्तीच्या पाठीशी खडक, पुढे ती एवढीशी जागा आणि तिच्यापलीकडे सरळ खाली खाडी. बाकीच्यांनी मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला उभं राहायचं.

विन्हाला तेव्हा तिसरा महिना होता. ती बापाकडे आली.

"बा, डोकं कुणाचंही बसवलंस तरी दोन तलवारींच्या मधे माझाच माणूस उभा असणार."

"होय."

"मग बसवूच नकोस."

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

सामळनं छिन्नी खाली ठेवली. "दोघांना," तो म्हणाला.

झालं होतं असं, की मारकू एके सकाळी गुपचूप नाणं घेऊन आला. हा आमचा राजा, डोकं कर, कुणाला सांगू नकोस. सामळ बरं म्हणाला. त्याच दुपारी दुसऱ्या बाजूचा पुढारी दुसरं नाणं घेऊन आला. त्यालाही सामळ बरंच म्हणाला. पाथरवटानं काम घेतलं म्हणजे घेतलं, नाही म्हणायची त्याच्या घरात पद्धत नव्हती. शिवाय समोरच्यांच्या हातांत नुकत्याच धार लावलेल्या तलवारी, आणि ती धारही यानंच लावलेली.

दिवस उरले बारा आणि डोक्याजोगा निर्मळ दगड खाणीत एकच शिल्लक. सामळनं दोन्ही नाणी पाटावर ठेवली आणि बराच वेळ पाहत बसला. एका नाण्यावर राजा इकडे तोंड करून, दुसऱ्यावर तिकडे. याचा डावा गाल, त्याचा उजवा. मग त्यानं टाकी उचलली.

हे त्यानं भोळेपणानं केलं की हुशारीनं, यावर गावात अजून वाद आहे. पाथरवटांच्या आळीत विचारलं तर हुशारीनं, बाकी गावात विचारलं तर भोळेपणानं.

शपथेचा दिवस उजाडला. डोकं कापडाखाली झाकून आदल्या संध्याकाळीच मेखेवर बसवलेलं होतं. दाढीवाल्याचे लोक डाव्या अंगाला, सफाचटाचे उजव्या. सामळनं मारकूला आधीच सांगून ठेवलं होतं, की तुमचे लोक डावीकडे उभे करा, तिकडून राजा चांगला दिसतो. दुसऱ्याला उजवीकडे, त्याच कारणासाठी. सगळ्यांचे हात मुठींवर. खाली खाडीला ओहोटी लागलेली आणि चिखलात गावच्या बायका दगडांना चिकटलेली कालवं काढत होत्या. त्यांना शपथेशी काही देणंघेणं नव्हतं. ओहोटी होती म्हणून त्या आल्या होत्या.

सामळनं कापड ओढलं.

डावीकडच्यांना दाढी दिसली. त्यांनी श्वास सोडला. उजवीकडच्यांना गुळगुळीत गाल दिसला. त्यांनीही श्वास सोडला. दोन्ही बाजूंना वाटलं, आपलंच डोकं बसलं, आणि पलीकडचे गप्प आहेत त्या अर्थी ते नमले. दोन्ही बाजूंच्या मुठी सैल झाल्या.

समोरून पाहणारा थेवदा एकटा. त्याला एकाच डोक्यावर अर्धी दाढी आणि अर्धी तुळतुळीत हनुवटी दिसली. एक भुवई रागीट, एक प्रसन्न. एका बाजूला मिशी होती, ती नाकाखाली येऊन एकदम थांबली होती. मागचं-पुढचं सगळं त्याला एका क्षणात कळलं, आणि आपण आता काय करता कामा नये तेही कळलं.

तेवढ्यात खाली चिखलातून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "अगं बया! न्हावी अर्ध्यातून पळाला वाटतं!"

आणि दुसरी म्हणाली, "पळेल नाही तर काय, सासुरवाडीहून बोलावणं आलं असेल!"

खालून समोरचा भाग बायकांना नीट दिसत होता. वरच्या यवनांना कामापुरते मोडकेतोडके शब्द येत, पण बायकांची ही बोली येत नव्हती. तीस जणांत ती एकालाच येत होती. थेवदाच्या पोटातून हसू वर आलं. तो हसला असता तर कुणीतरी विचारलं असतं का हसलास, आणि विचारणारा दोन पावलं पुढे आला असता, की संपलं. त्यानं जीभ दातांखाली धरली. रक्त आलं, असं सांगतात.

एवढ्यात कापडाच्या ओढीनं पाचर निसटली आणि डोकं फिरू लागलं. हळूहळू, जातं दळतं तसं. दाढी उजवीकडच्यांच्या दिशेला निघाली. थेवदानं पुढे होऊन दोन्ही हातांनी डोकं धरलं, एक तळवा दाढीवर, एक तळवा गुळगुळीत गालावर. बघणाऱ्यांना वाटलं, काय ही भक्ती. तसंच धरून तो शपथ बोलला. नाव घ्यायचं होतं, ते त्यानं घेतलं नाही. तो म्हणाला, "ज्याचं डोकं या खांद्यावर, तो आमचा धनी." दोन्ही बाजूंनी एका सुरात तेच म्हटलं. सामळनं वाकून पाचर पुन्हा मारली. कुणाचा केस वाकडा झाला नाही.

पुढे वर्षभर ते डोकं तिथे होतं. दोन्ही बाजूंचे आपापल्या अंगालाच येत, समोर फक्त थेवदा जाई, दिवा लावायला आणि पाचर चाचपायला. आषाढाच्या वाऱ्यात तो म्हणे दोरी घेऊन जायचा. गावच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. 'अर्धदाढ्या' हे नाव त्यांनीच पाडलं. पण एकीनंही यवनांपुढे तोंड उघडलं नाही, कारण विन्हा त्यांच्यातली होती. थेवदा मात्र त्या दिवसापासून हसला नाही. एकदा सुटलं तर थांबणार नाही, ही त्याला धास्ती. त्याच्या ओठाचा कोपरा हलला की विन्हा त्याच्या हातात घागर द्यायची आणि विहिरीवर पाठवायची. चैत्रात त्यांना मुलगी झाली. तिनंही बापाचे दात पाहिले नाहीत.

पाऊस सरला, गलबत आलं. या वेळी एकच होतं. त्यानं बातमी आणली, की दाढीवाला आणि सफाचट दोघांनाही त्यांच्याच शिपायांनी मारलं. त्यांतला एक तर इथे शपथ झाली त्याच्या चार महिने आधीच मेला होता. आता तिसराच कुणी राजा आहे, हे त्याचं नाणं, डोकं बदला.

तीस माणसं कड्यावर चढली. वर्षभर ज्याच्यासाठी पाणी वेगळं भरलं तो राजाच नव्हता. डोकं उतरवायला मारकू समोरच्या जागेत गेला आणि तिथेच थबकला. मग मागे वळला. सामळ बाजूलाच उभा होता. मारकूचा हात तलवारीवर गेला.

विन्हा मुलीला कडेवर घेऊन बापाच्या पुढे येऊन उभी राहिली. आणि तेवढ्यात थेवदा हसला.

वर्षभराचं हसू होतं ते. तो हसत हसत खाली बसला, गुडघ्यांत डोकं घालून हसू लागला. मुलीनं बापाला कधी हसताना ऐकलंच नव्हतं. ती दचकली आणि तिनं असा काही सूर लावला की कड्यामागच्या वडावरचे बगळे उडाले. मारकूनं एकदा थेवदाकडे पाहिलं, एकदा त्या डोक्याकडे. मग तो दुसऱ्या पुढाऱ्याला म्हणाला, "ये. तुझाही इथेच आहे." तो पुढारी येऊन वाकून पाहू लागला. आधी तो हसला की आधी मारकू, हे कुणी लक्षात ठेवलेलं नाही.

डोकं दोघांनी मिळून उचललं आणि खाडीत सोडून दिलं. मग ते सामळला म्हणाले, आता तिसऱ्याचं कर. सामळनं जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं.

"आता डोकं बसवायचं तर नारळाचं बसवा," तो म्हणाला. "उद्या बदललं तरी फोडून खाता तरी येईल."

तात्यांनी इथे थांबून पाण्याची बाटली मागितली. यवनांचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. काही परत गेले, काही इथेच मिसळले, असं सांगतात, एवढंच ते म्हणाले. थेवदाच्या कुळावर तीन आळ्या हक्क सांगतात.

आम्ही बसलो होतो तोवर माणसं जमली होती. नवीन सरपंच सुलभाताई तांडेल डाव्या अंगाला, निवडणुकीत पडलेले मोरेश्वर भगत उजव्या अंगाला. प्रचारात दोघांच्या माणसांनी एकमेकांचे फलक फाडले होते आणि एका लग्नाची बोलणी मोडली होती. एका म्हाताऱ्यानं नारळ आणला. अर्ध्या बाजूच्या शेंड्या तशाच ठेवलेल्या, अर्धी बाजू कोयत्यानं तासून काचेनं गुळगुळीत केलेली. कुठली बाजू कुणाची, हे ठरवलेलं नसतं आणि विचारायचंही नसतं. समोरच्या जागेत गावचा सगळ्यांत नवीन जावई उभा राहतो. यंदा महाडचा रुपेश म्हात्रे होता, एसटीत कंडक्टर. त्यानं नारळ मानेच्या खळग्यावर टेकवून दोन्ही तळव्यांत धरला. मला त्याच्या टाचांकडे बघवत नव्हतं, मागे वीतभरही जागा नव्हती.

खाली चिखलात बायका जमल्या होत्या. आता कालवं काढायला नव्हे, जावयाला हसवायला. नारळ खांद्यावर असेपर्यंत तो हसता कामा नये, आणि त्याला हसवायचा हक्क फक्त त्यांचा.

"भावोजी, नारळाला दाढी आली, तुम्हाला कधी?"

"अगं, तिकीट फाडल्याशिवाय येत नाही ती!"

"जावईबापू, धरलंय कसं? घरात पोर तरी असं धरता का?"

रुपेशच्या गालावरची शीर उडत होती. तो मोठ्यानं म्हणाला, "ज्याचं डोकं या खांद्यावर, तो आमचा धनी." दोन्ही बाजूंनी तेच म्हटलं, मोरेश्वर भगतांनी जरा हळू. मग सुलभाताईंनी आपल्या हातांनी नारळ उतरवला. ज्याला मान मिळाला त्यानंच तो उतरवायचा, तोही त्याच दिवशी. दगडावर आपटून फोडला. शेंडीकडचं खोबरं उजवीकडच्यांना, गुळगुळीतकडचं डावीकडच्यांना. पहिला तुकडा हरलेल्याला. भगतांनी तो घेतला, थोडा वेळ तसाच हातात धरला आणि मग तोंडात टाकला.

त्याबरोबर रुपेश सुटला. कडा दणाणेल असा हसला, आणि खाली त्याच्या बायकोच्या कडेवरचं चार महिन्यांचं पोर दचकून रडायला लागलं. दचकले मीही. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "आता उठायला हरकत नाही. झालं."

परत जाताना त्यांनी चिखलात रुतलेला एक गोल काळा दगड दाखवला. मोठ्या ओहोटीलाच तो उघडा पडतो. एका बाजूला कालवं दाटून धरली आहेत, दुसरी बाजू गुळगुळीत आहे. त्या दगडावरची कालवं बायका काढत नाहीत.

आज वेसखारची मतं तहसील कचेरीत मोजतात आणि आकडे तिथल्याच फळ्यावर लिहितात. पण निकाल लागला असं गावात कुणी म्हणत नाही, जावई हसेपर्यंत.